नरक्याचे दिवस फिरले

पर्यावरणावरचा कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणा कोणीही असो, एक वाक्य हमखास येतं : ‘कोण जाणे, या जंगलात उद्याचं कॅन्सरवरचं औषध दडलेलं असेल!’ श्रोते माना डोलावतात, आयोजक खूश होतात आणि जंगल वाचवायला एक भक्कम कारण मिळालं या समाधानात सगळे चहाला उठतात. मला या वाक्याचा आता धसका बसतो. ते खरं ठरलेलं मी पाहिलं आहे, आणि खरं ठरल्यानंतर त्या झाडाचं काय झालं तेही पाहिलं आहे.

झाड आपल्याच घाटातलं आहे, नरक्या. आंबोली, राधानगरी, महाबळेश्वर या धो धो पावसाच्या पट्ट्यात, मोठ्या झाडांच्या सावलीला तो वाढतो. उंची बेताची. पानं मोठी, लांबट, फांदीच्या टोकाशी दाटीनं आलेली. गळून गेलेल्या पानांचे वण फांदीवर ठळक राहतात, आणि कोवळी फांदी बोटांत फिरवली तर किंचित कंगोरे लागतात. पावसाळ्यात पिवळसर फुलांचे झुपके येतात, त्यांना घाण वास. खोडाला कोयता लागला तरी तोच वास. पुढे फळं धरतात आणि पिकली की जांभळट काळी होतात. महाविद्यालयात शिकवत असताना मुलांना घेऊन राधानगरीकडे जायचो तेव्हा या झाडापाशी थांबून साल नखानं खरवडायची आणि समोरच्याच्या नाकाशी धरायची हा माझा ठरलेला उद्योग होता. पुस्तकातली लॅटिन नावं मुलं परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. नरक्या मात्र जन्मभर लक्षात राहतो.

तिथल्याच एका धनगरवाड्यावरचे एक म्हातारबुवा आमच्याबरोबर वाट दाखवायला यायचे. झाडांची त्यांची वाटणी सरळ होती : जळणाची, अवजाराची, औषधाची आणि उगंच वाढलेली. नरक्या शेवटच्या गटात. “ह्याला कोण हात लावतंय सर? चुलीत घातला तर घरात बसवत न्हाई,” असं म्हणून ते पुढे चालू लागायचे. लाकूड इमारतीच्या कामाचं नाही, जळणाच्या कामाचं नाही, फळ खावंसं नाही. त्या रानात अंजनी तुटली, जांभूळ तुटलं, हिरडा सोलला गेला. नरक्या आपल्या वासाच्या आडोशाला निवांत उभा होता.

त्याचे दिवस फिरायला सुरुवात झाली ती फार लांब. मनसुख वाणी हे रसायनशास्त्रज्ञ मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकले, अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वनस्पतींमधून कॅन्सरविरोधी द्रव्यं शोधण्याचा मोठा कार्यक्रम तेव्हा तिथे सरकारी पैशावर चालू होता. 1966 साली या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं करून त्याची रचना जाहीर केली. पाच वर्षांनी, 1971 साली, पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना त्यांनी जाहीर केली. कॅन्सरच्या उपचारांतल्या इतक्या मोठ्या दोन औषधांच्या मुळाशी खानदेशातला एक माणूस आहे, हे आपल्या शालेय पुस्तकांना अजून सुचलेलं नाही. असो.

चीनचं झाड चीनमध्ये होतं. पण 1972 साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हेच द्रव्य सह्याद्रीतल्या एका दुर्लक्षित झाडात सापडलं. ते झाड म्हणजे नरक्या. आणि द्रव्याचं प्रमाणही दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं. या दोन झाडांचा कुळाचा म्हणावा असा संबंध नाही, तरी दोघांनी एकच विष तयार करायची विद्या कुठून तरी मिळवली होती.

विष हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. झाड आपल्यासाठी औषध तयार करत नाही, त्याला खायला आलेल्यांसाठी जहर तयार करतं. पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएच्या पिळाची नक्कल काढावी लागते. नक्कल काढताना पिळाला ताण येतो. तो सोडवण्यासाठी एक विकर पिळाचा एक धागा कापतं, ताण निघून गेला की पुन्हा सांधतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या क्षणी जाऊन बसतं आणि सांधा जुळू देत नाही. भराभर दुभंगणाऱ्या पेशी यात मरतात. ही पेशी किड्याची असो, बुरशीची असो की माणसाच्या आतड्यातल्या गाठीची, द्रव्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. मग झाड स्वतः कसं जगतं? हे द्रव्य तयार करणाऱ्या काही झाडांत त्यांच्या स्वतःच्या विकराचा एक दुवा बदललेला आढळला आहे, त्यामुळे विष तिथे बसतच नाही. लाखो वर्षांच्या भांडणातून झालेली ही तडजोड आहे. प्रयोगशाळेत बसून कोणाला ती सुचली असती असं मला वाटत नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत हे औषध रोग्यांना देऊन पाहिलं, पण मूत्राशयाला होणारा त्रास इतका होता की ते गुंडाळून ठेवावं लागलं. नरक्याला पंधराएक वर्षं उसंत मिळाली ती या अपयशामुळे. मग 1985 साली त्या विकराचा उलगडा झाला आणि रसायनतज्ज्ञ पुन्हा कामाला लागले. मूळ द्रव्यात फेरफार करून अंगाला सोसेल अशी दोन औषधं झाली, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. 1996 साली दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली. जपानमध्ये इरिनोटेकॅन दोनेक वर्षं आधीच आलं होतं. पण सुरुवातीचा माल झाडातूनच यायला हवा होता. सगळं रेणू-रेणूनं प्रयोगशाळेत उभं करता येतं. मात्र ते झाड तोडण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

त्यानंतरच्या काळात मी त्याच वाटेवर पाहिलं ते असं. जिथे झाड होतं तिथे खड्डा. नुसता बुंधा तोडला असता तर नरक्या पुन्हा फुटतो, पण मुळात द्रव्य जास्त असतं, म्हणून मूळही उपटलेलं. खड्ड्याच्या काठावर कोयत्यानं केलेल्या ढलप्यांचा भुगा आणि तोच वास, आता जमिनीतून येणारा. थोड्या अंतरावर ओल्या पानांखाली पोत्यांची तोंडं शिवायचा सुतळीचा गुंडा पडला होता. म्हातारबुवा खड्ड्यापाशी उकिडवे बसले आणि पहिल्यांदा त्यांनी मला प्रश्न विचारला, “सर, ह्यात असं हाय तरी काय?” मी सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग आमास्नी कुणी सांगिटलं न्हाई ते!” तोडणारी पोरं आसपासच्याच वाड्यांवरची होती. त्यांना किलोमागे हातावर काही रुपये टेकवले जायचे. पुढे पोतं कुठे जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं. वनखात्यानं गाड्या पकडल्या, गुन्हे नोंदवले, वर्तमानपत्रांत ‘नरक्याची तस्करी’ असे मथळे आले. पकडले गेले ते बहुतेक पोतं वाहणारे.

आता दुसरी बाजू. काही वर्षांनी माझ्या थोरल्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, पहिल्या औषधांना आजारानं दाद दिली नाही आणि डॉक्टरांनी इरिनोटेकॅन सुरू केलं. छोटी तपकिरी काचेची बाटली, उजेड लागू नये म्हणून. आत फिकट पिवळं पाणी. सिस्टर ते सलाईनमध्ये मिसळायच्या आणि दीड तास थेंब थेंब सोडायच्या. मी बाटलीकडे टक लावून बघत बसलेला पाहून दादा म्हणाला, “काय रे, तारीख उलटलीय का तिची?” मी म्हटलं, “हे आपल्या नरक्याचं औषध आहे दादा. नाहीतर त्याच्या चिनी भावाचं.” कुठल्या झाडाचं ते बाटलीवर कोणी छापत नाही. दादाचं लहानपण माझ्यासारखंच घाटमाथ्यावर गेलेलं. तो हसला, “तो घाणीचा? म्हणजे आता माझ्या जवळ कुणी बसायचं नाही!” जुलाब झाले, अशक्तपणा आला, घरी वहिनींचे हाल झाले. पण त्या औषधानं दादाला नातीचं बारसं दाखवलं, तिचं पहिलं पाऊलही दाखवलं. त्यामुळे ‘झाडाला हातच लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहता येत नाही. दादाच्या हातात सुई होती तेव्हा मी त्या खड्ड्यांचा विचार केला नव्हता. केला असता तरी सुई काढा म्हणालो नसतो.

म्हणजे उपयोग नाकारायचा नाही. पण ‘उपयोगी आहे म्हणून वाचवा’ हा युक्तिवाद दुधारी आहे, एवढं तरी मान्य करायला हवं. निरुपयोगी होता तोवर नरक्या वाचला. उपयोग सिद्ध झाला त्या दिवसापासून त्याच्या मागे माणूस लागला. पॅसिफिक यूची कथा शब्दशः हीच आहे. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलात मोठी देवदारी झाडं तोडताना मध्ये येणारा यू ही कटकट समजली जायची, तोडून जाळून टाकायचे. टॅक्सॉलचा गुण कळल्यावर त्याची साल सोन्याच्या मोलाची झाली. एका रोग्याच्या उपचाराला दोन-तीन झाडांची साल लागे, साल काढली की झाड मरे, आणि हे झाड शंभर वर्षांत जेमतेम मनगटाएवढं-मांडीएवढं होणारं. 1992 साली औषधाला परवानगी मिळाली तेव्हा झाडं पुरणार नाहीत हे स्पष्ट दिसत होतं. वाचवलं ते फ्रान्समध्ये पिएर पोटिए आणि अमेरिकेत रॉबर्ट हॉल्टन यांच्या कामानं. युरोपातल्या यूच्या पानांत औषधाच्या जवळ पोचलेलं एक द्रव्य मिळतं आणि उरलेलं काम प्रयोगशाळेत करता येतं. पानं पुन्हा फुटतात. साल फुटत नाही. हिमालयातल्या यूच्या नशिबात मात्र एवढी सवड नव्हती. गढवालात ज्याला थुनेर म्हणतात त्याच्या पानांसाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या गेल्या आणि 1995 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या नियंत्रणाच्या यादीत घालावं लागलं.

मुंबईच्या नावावर याहून जुनं एक उदाहरण आहे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं ते त्या लेखामुळे. 1952 मध्ये बाझलच्या सिबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन वेगळं झालं. सर्पगंधा हे हातभर उंचीचं झुडूप, औषध मुळीत. मुळी काढली म्हणजे झुडूप संपलं. रक्तदाबावर पुढे अंगाला अधिक सोसतील अशी औषधं आली, रिसर्पिन मागे पडलं, पण तोवर आपल्या रानांतून सर्पगंधा विरळ झाली होती. तीही त्याच नियंत्रणाच्या यादीत आहे. औषधाचं आयुष्य कधी कधी असं झाडाच्या आयुष्यापेक्षा कमी निघतं.

मग लागवड का करत नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारेल. सदाफुलीनं ते करून दाखवलं आहे ना! मादागास्करची सदाफुली आज आपल्या प्रत्येक अंगणात आहे, आणि रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन तिच्यातूनच येतं. पण सदाफुली बी टाकली की येते, उन्हात येते, सहा महिन्यांत फुलते. नरक्याला सावली लागते, ओल लागते आणि तोडण्याजोगा व्हायला वर्षं लागतात. शेतकऱ्यानं जमीन अडकवायची, मजुरी मोजायची, आणि बाजारात उभं राहायचं कुणाशी, तर ज्याला लाकूड फुकट आणि फक्त तोडणाऱ्याची मजुरी द्यावी लागते त्याच्याशी. रानातला माल जोवर स्वस्त आहे तोवर लागवडीच्या सगळ्या मार्गदर्शक पुस्तिका कपाटात राहणार. गुग्गुळाचं, अशोकाच्या सालीचं गणितही याच धाटणीचं आहे. औषधी वनस्पतींच्या परिसंवादांत बियाणं, रोपवाटिका, अनुदान यांवर तासन्‌तास बोलणं होतं. या एका किमतीवर कोणी फारसं बोलत नाही.

दुसरी आशा प्रयोगशाळेची. 2005 साली जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली आणि ती बुरशीच कॅम्पटोथेसिन तयार करते असं दाखवलं. मोठी बातमी झाली; टाक्यांमधून बुरशी वाढवा, झाडाला सुट्टी. पण अशा बुरश्या झाडाबाहेर, बशीत वाढवत गेलं की पिढ्यांगणिक त्यांचं उत्पादन घटतं, असं पुढे अनेकांना आढळलं. झाडाच्या संगतीत असताना जे जमत होतं ते एकटीला जमेनासं होतं. मला हे वाचून रसायनशास्त्राबद्दलचा आदर कमी झाला नाही, रानाबद्दलचा वाढला. शिवाय झाडाझाडांत द्रव्याचं प्रमाण कमीजास्त असतं, एकात दुसऱ्याच्या कित्येक पट. उद्या लागवड करायची ठरलीच तर बी कुठल्या झाडाचं घ्यायचं? ते चांगलं झाड आधीच पोत्यात गेलेलं असू शकतं.

आता हिरड्याकडे या. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या आजूबाजूला, महादेव कोळी कुटुंबांची उन्हाळ्यातली रोकड म्हणजे बाळहिरडा. फळात आठळी टणक व्हायच्या आधी कोवळा हिरडा उतरवायचा, अंगणात वाळवायचा. वाळला की काळा, सुरकुतलेला, हातात घेतला तर खडखडतो. कुठलं झाड कुणाचं हे बांधावर ठरलेलं आहे, रानातल्याही बऱ्याच झाडांचं ठरलेलं आहे. आजेसासऱ्यानं राखलेला हिरडा नातसून उतरवते. त्यातही दोष आहेत. सगळंच फळ कोवळं उतरवलं तर बी कुठून पडणार, नवी झाडं कुठून येणार? भावही कधी चढा, कधी पडलेला. पण 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात ही झाडं मोडली तेव्हा लोक भरपाई मागायला रस्त्यावर आले. शेतातल्या पिकाची भरपाई द्यायला कागद आहेत, रानझाडाच्या फळाची नाहीत, म्हणून सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मोडलेल्या झाडाचा पंचनामा करा म्हणून भांडणारी माणसं मी एरवी फार पाहिलेली नाहीत.

नरक्या गेला तेव्हा कोणाचंच काही गेलं नाही. मला तरी फरक इथे दिसतो. हिरडा औषधी आहे आणि नरक्याही औषधी आहे. एकाला राखणारं घर आहे, दुसऱ्याला नाही.

कायद्यात यासाठी जागा नाही असं नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. कल्पनेमागे माधव गाडगीळांसारख्यांची तपश्चर्या होती. प्रत्यक्षात हरित न्यायाधिकरणानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातल्यावर जी धावपळ झाली त्यात कित्येक नोंदवह्या एकमेकींच्या नकला निघाल्या. मी चाळलेल्या एका नोंदवहीत, तीही जिथे नरक्या आजही आहे अशा गावच्या, नरक्याचं नाव नव्हतं. समुद्रकाठच्या खारफुटीचं मात्र होतं. 2023 च्या दुरुस्तीनं आयुष वैद्यांना आणि ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपाच्या अटीतून मोकळं केलं. वैद्यबुवांना परवाना मागत फिरायला लावू नये हे बरोबरच. पण रान राखणाऱ्याच्या पदरात त्यामुळे काय पडलं, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

नोंदवही पुन्हा करायची झाली तर माझी एक छोटी मागणी आहे. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग, फुलण्याचा काळ या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : हे झाड तुटलं तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल? हिरड्यापुढे नावं भराभर लिहिली जातील. नरक्यापुढे लिहायला मी त्या वाडीवर नुकतीच चौकशी केली. म्हातारबुवा आता नाहीत. त्यांचा नातू म्हशी घेऊन वर जातो, आणि मध काढणारा एक जण पावसाळा सोडून त्या वाटेनं फिरत असतो. उरलेली मोठी झाडं दोघांनाही माहीत आहेत. बी कधी पडतं, कोणते पक्षी फळं खातात हेही ते सांगतात. कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. त्यातून या दोघांना वर्षाचं मानधन द्यावं, त्यांनी बियांची झाडं राखावीत, बी वनखात्याच्या रोपवाटिकेला मोजून विकावं, असा अर्ज मी समितीच्या अध्यक्षांकडे म्हणजे सरपंचबाईंकडे दिला आहे. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, निधीचं खातं अजून उघडलेलंच नाही, त्याला ग्रामसेवकाची सही लागते की गटविकास अधिकाऱ्यांची? पुढच्या सोमवारी आम्ही दोघं पंचायत समितीत जाणार आहोत.